चर्चा: पंडिता रमाबाईंची निष्ठा आणि पुण्याचा विरोध

भीमाकाठ

विरोधी वातावरणात राहून, नोकरी-धंदा करून देवाशी एकनिष्ठ कसं राहायचं, हा विषय निघाला की आमच्या चर्चमध्ये हमखास बायबलमधला दानीएल येतो. बाबेलच्या दरबारात त्याने चाकरी केली, खास्दी लोकांची भाषा आणि विद्या शिकला, त्यांनी ठेवलेलं नावही चालवून घेतलं. राजाच्या ताटातलं अन्न मात्र घेतलं नाही, आणि बंदीचा हुकूम निघाल्यावरही यरुशलेमकडची खिडकी उघडी ठेवून दिवसातून तीनदा प्रार्थना केली. उदाहरण चांगलंच आहे. पण पुणे-दौंड लोकलने केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या गावी, उतरलं की आपल्याच भाषेतलं उदाहरण सापडतं, त्याकडे आपण फारसं बघत नाही. म्हणून हा धागा.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मणाची मुलगी, विधवा, संस्कृतची पंडिता. इकडे पुण्यात संताप झाला, तो अपेक्षितच होता. पण तिकडे तरी सगळे खूश होते का? वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचा. त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद, गळ्यातल्या क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांवर वाद (यांना संस्कृत हवी होती), शाकाहार सोडत नाहीत म्हणून कुरबुर. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचं म्हटल्यावर बिशपांची हरकत. पुरोहितांचं एक जोखड महाप्रयासाने मानेवरून उतरवलं, आता त्याच जातीचं दुसरं घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्वच्छ लिहून कळवलं.

बाई परदेशात राहिल्या असत्या तर आयुष्य मानाने गेलं असतं. अमेरिकेत त्यांच्या भाषणांना गर्दी होत होती. त्या परत आल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं, जिथे विरोध सगळ्यात कडवा होता तिथे. सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या मुलींच्या स्वयंपाकाची सोयही त्यांच्या रीतीप्रमाणे होती. फक्त स्वतःच्या खोलीत बायबल वाचताना आणि प्रार्थना करताना त्यांनी दार लावून घेतलं नाही. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर वगैरे सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या, वर्तमानपत्रांनी झोडपलं. दार उघडंच राहिलं.

माझं म्हणणं एवढंच: आपला समाज सोडून सुरक्षित कुंपणात जाऊन बसणं ही निष्ठा नव्हे. त्याच लोकांत राहायचं, त्यांच्यासाठी राबायचं, आणि एका ठिकाणी ठाम उभं राहायचं. उलट मतं वाचायला आवडतील.

गणेशखिंड

उलट मत माझ्याकडून घ्या.

दार उघडं होतं ही गोष्ट तुम्ही कौतुकाने सांगता. त्या घरात राहणाऱ्या कोण होत्या? बहुतेक बालविधवा. सासरी हाल, माहेरी ओझं. डोक्यावर छप्पर आणि हातात पाटी-पेन्सिल देणारी बाई एक. ती बाई शेजारच्या खोलीत मोठ्याने प्रार्थना करते आणि दार उघडं ठेवते. याला ‘सक्ती नव्हती’ म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण पोटासाठी आश्रयाला आलेल्या पोरीला कल कुठे आहे ते बरोबर कळतं.

दुसरं, आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. बॉस्टनमध्ये १८८७ साली जी रमाबाई असोसिएशन निघाली, तिने दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं ते शाळा धर्माबाबत तटस्थ राहील या बोलीवर. रानडे आणि भांडारकर हे काही सनातनी नव्हेत, प्रार्थना समाजाची माणसं. कर्मठांच्या शिव्या खाऊन त्यांनी आपलं नाव या कामामागे उभं केलं. त्यांनाच जर बाहेर पडावंसं वाटलं, तर सगळा दोष ‘विरोधी समाजा’वर टाकून मोकळं होता येत नाही. देवाशी निष्ठा राखली, मान्य. दिलेल्या शब्दाशी निष्ठा कोणी राखायची?

जाईचा मांडव

गणेशखिंड, तटस्थ शाळा म्हणजे मुख्याध्यापिका मुकी हवी असा अर्थ होत नाही. वर्गात धर्म नाही, ही बोली पाळली गेली. एखादा हिंदू संचालक आपल्या खोलीत दार उघडं ठेवून विष्णुसहस्रनाम म्हणतो, तेव्हा तटस्थता मोडली असं कोणी म्हणत नाही. तो नियम ख्रिस्ती बाईपुरताच का?

आणि गोदूबाईंना विसरू नका. सदनात आलेल्या अगदी पहिल्या विधवांपैकी एक. त्याच उघड्या दाराच्या घरात शिकल्या, ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि १८९३ मध्ये, म्हणजे गदारोळाच्याच वर्षी, धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. पुढची हिंगण्याच्या स्त्रीशिक्षण संस्थेची कथा सगळ्यांना पाठ आहे. कर्व्यांच्या कामाच्या मुळाशी रमाबाईंचं सदन आहे हे पुण्याने फारसं मोठ्याने कधी म्हटलं नाही, हा माझा जुना राग आहे, तो इथे काढून घेते.

गणेशखिंड

राग काढा, हरकत नाही. पण एक गोदूबाई दाखवून बाकीच्या मुलींचं उत्तर मिळत नाही. १८९५ मध्ये सदनातल्या काही विधवांनी बाप्तिस्मा घेतला, तेही त्याच घरात घडलं. त्यांनी मनापासून घेतला असेल, मी त्यांच्या मनात शिरत नाही. मी फक्त म्हणतोय की ज्यांनी भीती व्यक्त केली होती, त्यांची भीती हवेतली नव्हती.

सहस्रनामाबद्दल: तो संचालक ख्रिस्ती मुलींच्या अनाथाश्रमाचा असेल आणि तटस्थतेची हमी देऊन पैसे घेतले असतील, तर मी त्यालाही हेच विचारेन.

तांबडी माती

तुम्ही दोघंही ‘समाज’ म्हणताय तो नेमका कुठला? सदाशिव-नारायण-शनिवार म्हणजे सगळं पुणं नव्हे. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली होती. शास्त्रं स्वतः वाचलेल्या बाईने ती वाचूनच निर्णय घेतला, यात त्यांना संतापण्यासारखं काही दिसलं नाही. म्हणजे बाबेलमध्येही सगळेच नबुखद्नेस्सर राजासारखे नसतात.

आणि विरोधी वातावरणातल्या निष्ठेचं उदाहरण शोधायला धर्म बदललेल्या माणसापर्यंत जायचीही गरज नाही. चोखोबा मंगळवेढ्यात राबले, आयुष्यभर विठोबाचं नाव घेतलं आणि त्याच विठोबाच्या देवळाची पायरी चढू शकले नाहीत. वातावरण परकं नव्हतं, स्वतःच्याच देवाच्या भक्तांचं होतं. रमाबाईंना निदान निघून जायला दुसरं दार होतं. चोखोबांच्या निष्ठेला भक्ती म्हणायचं की नाइलाज, यावर आमच्या घरात दोन पिढ्यांचं भांडण आहे. आजोबा वारी करायचे, वडिलांनी दीक्षा घेतली. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते.

भीमाकाठ

तांबडी माती, चोखोबांचा मुद्दा मी मूळ लेखात आणायला हवा होता इतका तो नेमका आहे. वेगळा धागा काढा, मी येईन.

नास्तिक पण शाकाहारी

आयडीमुळे वाँटेजचा भाग विशेष आवडला.

माझ्या दृष्टीने देव इथे गौण आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात जाऊन उपासमारीत सापडलेल्या बायका-मुली घेऊन आली, १९०० मध्ये गुजरातेतून आणल्या. १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल वर्तमानपत्रात जाहीर लिहिलं, गव्हर्नरने आरोप फेटाळले तरी मागे हटल्या नाहीत. म्हणजे ख्रिस्ती झाल्या म्हणून इंग्रज सरकारच्या खिशात गेल्या नाहीत. हे सगळं बायबलशिवायही करता आलं असतं.

जाईचा मांडव

आलं असतं, पण त्यांनी बायबल सोडून केलेलं नाही, आणि त्या स्वतः कारण काय सांगतात ते तरी ऐकाल की नाही? उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं, केडगावच्याच छापखान्यात मुक्तीतल्या बायकांनी ते छापलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी. तरी हातातली मुद्रितं सोडली नाहीत. १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या तेव्हा काम जवळजवळ हातावेगळं झालं होतं. समाजसेवा ठेवायची आणि देव वजा करायचा, हा हिशेब त्यांच्या बाबतीत तुमच्या सोयीचा आहे, त्यांच्या नाही.

चिंचवड शिफ्ट

इतिहास वाचतोय, पण माझा प्रश्न आजचा आहे. मी ख्रिस्ती, कारखान्यात टूलरूमला. खंडेनवमीला मशीनची पूजा असते. मी आदल्या दिवशी मशीन पुसून घेतो, फुलांची वर्गणी देतो, पूजेच्या वेळी सगळ्यांबरोबर उभा राहतो. आरतीचं ताट हातात घेत नाही, गंध लावून घेत नाही. सुपरवायझरला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलंय. प्रसादाचा पेढा मात्र घेतो. आमच्याच मंडळीतले एक काका म्हणतात, हा मूर्तीला दाखवलेला नैवेद्य, चालत नाही. उलट एक मित्र म्हणतो, दानीएलसारखं वागायचं तर उभंही राहू नकोस.

भीमाकाठ

प्रेषित पौलाने करिंथकरांना याच प्रश्नावर लिहिलंय, बायबलमधल्या त्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय बघा. मूर्ती काही नाही, त्यामुळे अन्नाने आपण देवाजवळ जातही नाही आणि दुरावतही नाही. पण आपल्या खाण्याने कमकुवत भावाला ठेच लागत असेल तर पौलाने स्वतःपुरतं मांस सोडायची तयारी दाखवली. तेव्हा काकांशी बसून बोला.

आणि बायबलमधला नामान आठवा. अरामी सेनापती, कोड बरं झाल्यावर म्हणतो, आता मी परमेश्वरालाच भजेन, पण माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा असावी. अलीशा संदेष्टा त्याला झापत नाही. शांतीने जा म्हणतो. ही गोष्ट प्रवचनात फार कमी वेळा येते.

वाडेश्वर कट्टा

मी हिंदू, असाच एका प्लांटमध्ये आहे. चिंचवड शिफ्ट, तुमच्यासारखा एक सहकारी आमच्याकडे आहे आणि आम्हाला त्याचं काही वाटत नाही. उलट ईदला आणि नाताळला डबा कोणाचा येणार यावर पैजा लागतात. मग ‘विरोधी वातावरण’ हा शब्द कशाला? तुम्हाला कोणी गंध जबरदस्तीने लावलं का? रमाबाईंच्या काळची गोष्ट वेगळी होती.

चिंचवड शिफ्ट

तुमच्या प्लांटमध्ये नसेल, आणि माझ्याही सध्याच्या ठिकाणी नाही. आधीच्या जागी, नाव सांगत नाही, गंध नाकारल्यावर दोन महिने मला ‘फादर’ म्हणायचे, आणि पगारवाढीच्या वेळी ‘मिसळत नाही’ असा शेरा आला. दानीएलला टाकलं तशी सिंहांची गुहा नव्हती. पण ते काहीच नव्हतं असंही मला म्हणता येणार नाही.

वाडेश्वर कट्टा

शेरा लिहिणारा चुकला. ‘फादर’ म्हणणारे मात्र कदाचित मलाही काहीतरी म्हणाले असते, टूलरूमचा तो धर्मच आहे. पण तुम्ही सांगताय तर मानतो.

गणेशखिंड

चिंचवड शिफ्ट यांच्या वागण्यातली एक गोष्ट मला पटली, म्हणून परत आलो. त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं. १८९८ मध्ये बॉस्टनच्या बोलीची दहा वर्षं संपली आणि त्यानंतर रमाबाईंनी केडगावचं काम उघडपणे ख्रिस्ती म्हणून चालवलं. त्यावर माझा आक्षेपच नाही. ज्याला यायचं तो पाटी वाचून आत जाईल. हेच १८८९ मध्ये करायला हवं होतं.

जाईचा मांडव

१८८९ मध्ये ती पाटी लावली असती तर एकाही ब्राह्मण बापाने मुलगी पाठवली नसती. गोदूबाई नाहीत, हिंगण्याची वाट तिथून निघालीच नसती. बॉस्टनवाल्यांनीही सगळा प्रकार कळल्यावर मदत थांबवली नाही, करार शेवटपर्यंत चालवला. ज्यांना शब्द दिला होता त्यांनाच तो मोडला असं वाटलं नाही.

गणेशखिंड

म्हणजे मुली मिळाव्यात म्हणून पाटी लावली नाही. हिशेब होता, एवढं तरी मान्य करा.

भीमाकाठ

हिशेब होता, मान्य. दानीएलचाही होता. त्याने ताट फेकून दिलं नाही. कारभाऱ्याला म्हणाला, दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन बघ, मग आमचे चेहरे बघून ठरव. मान वाचवून, पद राखून, वाटाघाट करून पाळलेली निष्ठा आहे ती. रमाबाईंना तेवढी सवलत का नको?

गणेशखिंड

सवलत देतो. पण दानीएलने कारभाऱ्याला आधी विचारलं, मग भाजी खाल्ली. रमाबाईंनी सल्लागारांना आधी सांगितलं होतं का?

भीमाकाठ

बाप्तिस्मा सहा वर्षांपूर्वीचा, सगळ्या वर्तमानपत्रांत गाजलेला. ख्रिस्ती बाई रोज प्रार्थना करणार हे न्यायमूर्ती रानड्यांना वेगळं सांगावं लागतं?

गणेशखिंड

प्रार्थना करणार हे त्यांना माहीत होतं. मुली येऊन बसणार आणि बाई त्यांना उठवणार नाहीत, हे माहीत नव्हतं.

जाईचा मांडव

रडत आलेल्या पोरीला प्रार्थनेतून उठवून बाहेर काढायचं, ही अट त्यांनी कोणालाच कबूल केलेली नव्हती. रानड्यांनाही नाही, बॉस्टनलाही नाही.