मदत हवी आहे: पुनर्रचनेमुळे मतदारसंघ बदललेल्या तालुक्याच्या २००४ आणि २००९ च्या मतांची तुलना कशी करावी?

डोंगरवाट:
आमच्या तालुक्याच्या राजकीय वाटचालीवर मी एका स्मरणिकेसाठी प्रकरण लिहीत असून ते महिनाअखेरीस छापखान्यात जायचे आहे. २००४ आणि २००९ च्या विधानसभा निवडणुकांतील पक्षनिहाय मते शेजारी शेजारी मांडायची आहेत. परंतु मधल्या काळात मतदारसंघच बदलल्याने आकड्यांचा मेळ लागत नाही. निवडणूक आयोगाचे अहवाल माझ्याकडे आहेत, तेव्हा ते कोठे मिळतील हे कृपया सांगू नये. केवळ आमच्या तालुक्याची मते वेगळी कशी काढावीत, एवढाच प्रश्न आहे. उत्तर लवकर मिळावे ही विनंती.

महसुली:
तालुका कोणता आणि जिल्हा कोणता, हे लिहिलेले नाही. पुनर्रचनेत काही तालुके जसेच्या तसे दुसऱ्या मतदारसंघात गेले, तर काहींचे महसूल मंडळानुसार, प्रसंगी तलाठी सझानुसार (एका तलाठ्याकडील गावांच्या गटानुसार), तुकडे झाले. दोन्हींसाठी पद्धत वेगळी आहे.

नवमतदार_साहाय्य:
मतदारसंघ बदलला असेल तर नमुना ८ भरून पत्ता बदलून घ्यावा. नाव प्रथमच नोंदवायचे असेल तर नमुना ६ लागतो. दोन्ही अर्ज ऑनलाइन भरता येतात.

डोंगरवाट:
माझा प्रश्न मतदार यादीचा नाही. तालुका मुळशी, जिल्हा पुणे. मुळशी नावाचा मतदारसंघ पूर्वी होता आणि २००९ पासून आम्ही भोरमध्ये आहोत, ही गोष्ट जिल्ह्यात कोणालाही विचारली तरी सांगेल.

मावळतीचा_वारा:
मुळशीचा मतदारसंघ काढून घेतला हा या तालुक्यावरचा उघड अन्याय होता आणि आपल्या प्रकरणात तो ठळकपणे यायला हवा. हिंजवडीत संगणक कंपन्यांच्या शेजारी राहणारा मतदार आणि वरंधा घाटाच्या तोंडाशी भातशेती करणारा मतदार यांचा आमदार एकच असावा, हे कोणत्या तर्कात बसते? त्यांचे पाण्याचे, रस्त्याचे, रोजगाराचे प्रश्न एकमेकांना कोठेही भिडत नाहीत.

गणिती_नागरिक:
आपली खंत मी समजू शकतो, परंतु अन्याय म्हणण्यापूर्वी हिशेब पाहावा. न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन (म्हणजे मतदारसंघ पुनर्रचना) आयोगाने २००१ ची जनगणना आधार धरली. राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांहून अधिक होती आणि जागा २८८ च राहणार होत्या; म्हणजे एका मतदारसंघामागे सरासरी सुमारे ३ लाख ३६ हजार लोक. मुळशी एकटा या आकड्याच्या जवळपासही नव्हता. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ७२ लाखांवर असल्याने जिल्ह्याच्या वाट्याला २१ जागा आल्या, पण वाढ झाली होती ती शहरात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये. त्यामुळे जुना हवेली मतदारसंघ जाऊन चिंचवड, पिंपरी आणि भोसरी उभे राहिले, तर भोर, वेल्हे आणि मुळशी हे तीन सह्याद्रीकडचे तालुके एकत्र बांधले गेले.

मावळतीचा_वारा:
हिशेब मान्य आहे. पण परिसीमन कायद्याच्या कलम ९ मध्ये केवळ लोकसंख्या नाही. भौगोलिक सलगता, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय हेही निकष आहेत. मुळशीच्या माणसाला भोर गाठायचे तर बहुतेक वेळा पुण्यावरूनच जावे लागते. याचा विचार कितपत झाला, एवढेच विचारतो आहे. न्यायालयात दाद मागावी तर आयोगाच्या आदेशाला कायद्याचे बळ असते आणि अशा आदेशांना न्यायालयात आव्हान देण्यास मनाई करणारे घटनेचे कलम ३२९ आड येते.

नकाशावेडा:
मूळ प्रश्नाकडे येतो. जुन्या आणि नव्या मतदारसंघांचे डिजिटल नकाशे एकमेकांवर ठेवावेत, जो भाग दोन्हींत येतो त्याचे क्षेत्रफळ काढावे आणि त्या प्रमाणात मते वाटून द्यावीत. मी मुंबईसाठी असेच केले आहे. तेथे पुनर्रचनेत शहराच्या जागा १७ वरून १० झाल्या आणि उपनगराच्या १७ वरून २६ झाल्या, तरीही चित्र बरेच स्पष्ट उभे राहिले.

महसुली:
मुंबईची गोष्ट वेगळी आहे. मुळशीत क्षेत्रफळावर मते वाटणे हा सरळ चुकीचा मार्ग ठरेल, कारण ताम्हिणीकडचा पश्चिम भाग डोंगर, जंगल आणि धरणाच्या पाण्याने व्यापलेला आहे, तर माण, हिंजवडी, पिरंगुट, भूगाव या पूर्वेच्या पट्ट्यात माणसे दाटीने राहतात. अशा रीतीने डोंगराच्या खात्यावरही मते जमा होतील.

खात्रीचा मार्ग नमुना २० चा आहे. या अंतिम निकालपत्रकात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला मिळालेली मते असतात. आपल्याकडच्या अहवालात फक्त मतदारसंघाची बेरीज असते, म्हणून आपण अडला आहात. नमुना २० मध्ये गावाचे नाव असेलच असे नाही, केवळ केंद्र क्रमांक असतो. म्हणून त्याच निवडणुकीची मतदान केंद्रांची यादी सोबत हवी. आधीच्या किंवा नंतरच्या निवडणुकीची यादी चालणार नाही, कारण केंद्रांचे क्रमांक बदलतात. २००९ साठी भोरच्या पत्रकातून मुळशी तालुक्यातील केंद्रे निवडून बेरीज करावी. २००४ साठी आधी १९७६ च्या परिसीमन आदेशात मुळशी मतदारसंघाची व्याप्ती वाचावी आणि त्यात तालुक्याबाहेरची गावे असतील तर त्यांची केंद्रे वगळावीत. ही जुनी पत्रके जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत मागावीत. तोंडी दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. टपाली मते गावनिहाय विभागता येत नाहीत, ती तळटीप देऊन बाहेर ठेवावीत.

डोंगरवाट:
ही पद्धत पटली. एक शंका आहे. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. ती मुळशीच्या बेरजेत धरावीत की पुण्याच्या?

महसुली:
मुळशीच्याच. महापालिकेची हद्द वाढल्याने विधानसभा मतदारसंघाची सीमा हलत नाही, आणि आपली तुलना तर २००४ व २००९ ची आहे. तेव्हा ही गावे पालिकेत नव्हतीच. महापालिकेचे प्रभाग आणि विधानसभेचे मतदारसंघ यांची गल्लत वर्तमानपत्रांतही होते, म्हणून स्मरणिकेत दोन ओळी स्पष्टीकरणाच्या जरूर द्याव्यात.

गणिती_नागरिक:
एक सावधगिरी सुचवतो. मते वेगळी काढली तरी पक्षनिहाय रकाने थेट जोडू नयेत. २००९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या जागावाटपात भोरची जागा काँग्रेसकडे होती आणि संग्राम थोपटे निवडून आले. त्यामुळे त्या वर्षी मुळशीच्या गावांत राष्ट्रवादीचे चिन्ह मतदान यंत्रावरच नव्हते. शिवाय महाराष्ट्र नवनिर्माण सेना २००६ मध्ये स्थापन झाली, तेव्हा २००४ च्या रकान्यात तिचे स्थान रिकामे राहणार. पक्षाऐवजी आघाडीनिहाय मांडणी केल्यास वाचकाची दिशाभूल होणार नाही.

मावळतीचा_वारा:
२०२४ मध्ये भोरमधून मुळशीचे शंकर मांडेकर निवडून आले, हेही प्रकरणात यावे. मतदारसंघ गेल्याने तालुक्याचा आवाज गेला असे आम्ही म्हणत आलो. पूर्वेकडची मतदारसंख्या वाढल्यावर भोरचे पारडे कसे फिरले, हे केंद्रनिहाय आकड्यांतूनच दिसेल.

डोंगरवाट:
२०२४ पर्यंत जाण्याइतकी पाने मला दिलेली नाहीत. निवडणूक शाखेत सोमवारी अर्ज देतो आहे. १९७६ च्या आदेशाची मराठी प्रत कोणाकडे असल्यास मुळशी आणि भोर यांच्या नोंदींची छायाचित्रे येथे द्यावीत. इंग्रजी प्रतीतील गावांची नावे ओळखणे फार जड जात आहे.