दिंडी चालवताना : तुमचे अनुभव लिहा

आमची दिंडी लहान. पंढरीच्या आषाढी वारीत पावणेदोनशे माणसं, ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या रथामागे. २०१४ साली काकांचे गुडघे गेले आणि दिंडी माझ्या अंगावर आली. मी तेव्हा बँकेत शाखाधिकारी. म्हटलं, शाखा चालवतो, दिंडी काय अवघड आहे? काकांनी एक वही दिली, किल्ल्यांचा जुडगा दिला आणि म्हणाले, "पुढारी व्हायचं नाही, हमाल व्हायचं." मला ते जरा नाटकी वाटलं.

फजिती दिवेघाटात झाली. पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, वर घाटाची चढण, आणि बहुतेक वर्षी नेमकी त्याच दिवशी एकादशी. म्हणजे पोटात शेंगदाणे आणि चहा. मी सगळ्यांच्या पुढे, "चला चला, रांग मोडू नका" करत. घाटमाथ्यावर येऊन मागं बघतो तर आमच्या चौदा म्हाताऱ्या बाया गायब. आणि विणेकरी बुवाही. बुवांचं वय बहात्तर, गळ्यात वीणा. ती जमिनीवर टेकवायची नसते, त्यामुळे बसायचीही पंचाईत. ते त्या बायांसोबत वळणावर उभे राहिले होते, त्यांचा दम खाऊन होईपर्यंत. रात्री साडेनऊला तळावर आले. मला एक अक्षर बोलले नाहीत. त्या बायांना आधी वाढा, एवढंच म्हणाले.

दिंडीचा क्रम लहानपणापासून पाठ होता मला. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मध्ये मृदंग, त्यांच्यामागे विणेकरी, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. ज्याच्या वीणेला आल्यागेल्यानं हात लावून नमस्कार करायचा, तो माणूस मागं चालतो. का, ते त्या रात्री कळलं.

तर हा धागा त्यासाठी. तुम्ही दिंडी, फड, सप्ताह, स्वयंपाक, ट्रक, काहीही सांभाळलं असेल तर लिहा. फसलेलं आधी लिहा. टीव्हीवर बघितलेली वारी नको.

फलटणहून, स्वयंपाकाकडची

अकरा वर्षं झाली. आमच्याकडं साडेतीनशे पान उठतं. आम्ही चौदा बायका आणि दोन आचारी. रात्री दोनला उठायचं, पिठलं-भाकरी नाहीतर भात-आमटी उरकायची, की ट्रक पुढच्या विसाव्याला पळतो. पायी वारी म्हणजे काय ते मला विचाराल तर मला चुलीचा धूर आठवतो.

एका वर्षी तरडगावला रात्रभर पाऊस. राहुटीत पाणी, पिठाच्या दोन गोण्या भिजल्या, गॅस पेटेना. आमचे महाराज कीर्तनकार, मोठं नाव आहे, मी लिहीत नाही. ते आले, काही विचारलं नाही, धोतर खोचलं आणि पातेली घासायला बसले. मला राग आला खरं सांगते. वाटलं, महाराज, पातेली आम्ही घासू, तुम्ही जाऊन कुठून तरी पीठ आणा की! तसं मी बोलले पण. ते "बरं" म्हणून उठले आणि अंधारात गावात गेले. तासाभरानं डोक्यावर पोतं घेऊन हजर. लोकांना ते पातेल्याचं कौतुक. मला त्या "बरं"चं आहे.

आता माझं. नवीन आलेल्या एका बाईला मी आमटीच्या मिठावरून सगळ्यांसमोर झापलं. विधवा बाई, पहिली वारी. संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, लहान-मोठं काही नाही. माझ्यासमोर तीच आली. लोक म्हणतात पाया पडलं की भांडण मिटतं. काही मिटत नाही. मी वाकले, ती वाकली, आणि दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिलाच म्हटलं, आजपासून मीठ तूच टाकायचं. आता पाच वर्षं मीठ तिच्याकडं.

एक टाळकरी, बीड

समाजआरतीवर कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त बघणारे मानकरी, हातातला चोप (दंड) वर करतात आणि "हो" अशी आरोळी देतात. टाळ जागच्या जागी बंद. एवढ्या लाखाच्या जमावात अशी शांतता मी दुसरीकडे कुठं अनुभवली नाही, आणि त्यासाठी एकही पोलीस लागत नाही.

पण ज्या दिंडीची तक्रार असेल तिनं टाळ बंद करायचे नाहीत. वाजवत राहायचं. मग चोपदार चालत त्या दिंडीपाशी येतात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, मार्ग काढतात, आणि मगच पुढं हरवलं-सापडलं, उद्याची निघायची वेळ आणि आरती. म्हणजे ज्याला त्रास झाला त्याच्यासाठी माउलींची आरती थांबते.

आम्ही एकदा वाजवत राहिलो. आमच्या तळाला पाण्याचा टँकर आला नव्हता, बाया दोन किलोमीटरवरून हंडे आणत होत्या. दिंडीप्रमुख नको म्हणत होते, चारचौघांत शोभत नाही म्हणून. मी आणि आणखी दोघं हट्टाला पेटलो. सगळीकडं शांत आणि फक्त आमचे टाळ. हात कापत होते. चोपदार आले, त्यांनी आधी आम्हाला नमस्कार केला. आम्हाला! मी विशीतला पोरगा. सगळं ऐकून घेतलं. टँकर रात्री अकराला आला.

पुढच्या वर्षापासून माझ्या गल्लीच्या गणेश मंडळात हे करून बघितलं, तक्रार असेल त्यानं बैठकीत ताट वाजवायचं. तीन मिनिटांत सगळेच वाजवायला लागले. सोडून दिलं.

हिंजवडी (हसा खुशाल)

आमच्या ऑफिसचे तीस जण पुणे-सासवड एक दिवस चालतात. लीडर मी. व्हॉट्सॲप ग्रुप, प्रत्येकाचा रक्तगट असलेली एक्सेल शीट, दोन पॉवर बँका, नारिंगी टोप्या. हडपसरच्या पुढं गर्दीत नेटवर्क गेलं आणि हरवलं ते एकच माणूस. मी.

तीन तास एका परक्या दिंडीत चाललो. तिथल्या एका आजीनं टोपीकडं बघून विचारलं, "कुठल्या पक्षाचे?" मग भुईमुगाच्या शेंगा दिल्या, माझी बाटली भरून आणायला लावली आणि स्वतःची पिशवीही माझ्याच खांद्यावर टाकली. टीमचे एकोणतीस जण माझ्याआधी पोचले होते, सगळे सुखरूप.

हिशोबवाला

सगळं गोड चाललंय म्हणून थोडं कडू लिहितो. आम्ही एका मोठ्या दिंडीत होतो. भिशी भरायची, म्हणजे माणशी जेवणाखाण्याची वर्गणी. शिवाय वाटेत अन्नदानाच्या पावत्या, गावोगावचा शिधा. तिसऱ्या वर्षी मी सहज हिशोब विचारला. उत्तर मिळालं, "माउलींवर विश्वास नाही का तुमचा?" माउलींवर आहे हो. वही कुणाकडे आहे तेवढं विचारतोय.

दिंडीचं नाव सांगणार नाही. पैसे खाल्ले असंही माझं म्हणणं नाही, मला ते माहीतच नाही. पण श्रद्धेचा असा पडदा करणारा माणूस माळकरी असला तरी त्याच्यामागं चालवत नाही.

आम्ही बावीस जण बाहेर पडलो. नियम एकच ठेवला. रोज हरिपाठानंतर दिवसभराचा जमाखर्च मोठ्यानं वाचायचा. भाजी किती, डिझेल किती, कुणी किती दिलं. पहिली दोन वर्षं मी ताठ मानेनं वाचला. तिसऱ्या वर्षी नातेपुत्याला चार हजार तीनशे रुपये जुळेनात. मी त्या दिवशी वाचलं नाही. घसा बसलाय म्हणालो. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन रात्री झोप नाही, आणि सारखा तो जुना प्रमुख डोळ्यांपुढं. कदाचित त्याचंही असंच काहीतरी सुरू झालं असेल. तिसऱ्या दिवशी वेळापूरला उभा राहून सांगितलं, जुळत नाही, चूक माझी आहे. एक आजोबा म्हणाले, "परवा टायर बदलला नव्हता का?" पावती टायरवाल्यानं दिलीच नव्हती आणि मी लिहायचा विसरलो होतो.

बेळगावकर

थोडक्यात लिहितो. माउलींचे दोन अश्व आमच्याकडून, चिकोडीजवळच्या अंकलीहून शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात आणि चालत आळंदीला जातात. हा पालखी सोहळा सुरू करणारे हैबतबाबा आरफळकर आधी शिंद्यांच्या लष्करात होते. पालखी सोहळ्याला त्यांनी घालून दिलेल्या शिस्तीत ते दिसतं. दिंड्यांचे क्रम, तळ, घोडे, सगळी चाल फौजेची, आणि हातात टाळ.

वाटेत घोड्यांना वैरण-पाणी करायचं काम आमच्या घरी आहे. दोनातल्या एकावर स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. तो माउलींचा. वडील म्हणायचे, त्याच्यापुढं कुणी मिरवत नाही, कारण त्याची पाठ मोकळी नाही. मी नास्तिकपणाकडं झुकलेला आहे. तरी वैरण घालताना मी त्या घोड्याशी अहोजाहो करतो.

परभणी, शिक्षिका

सप्ताहाचं चालेल का? आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणेचा पहारा असतो. दोन-दोन तास एकेकानं वीणा घेऊन उभं राहायचं, रात्रीही. ती खाली ठेवायची नाही. पुढचा आला की पाया पडून त्याच्या गळ्यात घालायची. गावातली तरणी पोरं पुण्याला, रात्री दोन ते चारला माणूस मिळेना. दरवर्षी पंच मंडळी मारुतीच्या देवळात बसून भाषणं करायची की पिढी बिघडली.

एका रात्री माझे सासरे सलग चार तास उभे होते. पुढचा आलाच नाही. मी चहा घेऊन गेले तर पाय थरथरत होते त्यांचे. मी हात पुढं केले. बाईनं वीणा घ्यायची आमच्याकडं रीत नव्हती. सासऱ्यांनी देवाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि घातली. नंतर बैठक बसली, बरंच काय काय बोललं गेलं. सासरे एवढंच म्हणाले, "दोन ते चार तुमच्यापैकी कोण घेतंय, नाव सांगा." कुणीच नाव दिलं नाही. आता त्या पहाऱ्याला आम्ही सात जणी आहोत. दिवसाचे पहारे मात्र अजून पुरुषांकडेच. फोटो दिवसा निघतात ना.

पंढरपूर

आजोबांकडून ऐकलेलं. मे १९४७, तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजी उपोषणाला बसले, विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून. त्याआधी काही महिने ते सेवादलाची पोरं घेऊन महाराष्ट्रभर फिरत होते. आजोबा तेव्हा कट्टर विरोधात. रोज मठावरून जायचे, आत बघायचे नाहीत. दहा दिवसांनी उपोषण सुटलं, देऊळ उघडलं. आजोबा पुढची दोन वर्षं देवळात गेले नाहीत आणि मग एक दिवस गुपचूप गेले. ते सांगायचे, त्या माणसानं आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, विरोध करायला सोपं गेलं असतं.

चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, देवळाबाहेर. दिंडी घेऊन येणाऱ्या प्रमुखांनी आपल्या माणसांना तिथं जरा थांबवावं, एवढी विनंती.

२०२०

माझ्याकडे नव्वद माणसांची दिंडी. त्या वर्षी वारी बंद, पादुका एसटीनं पंढरपूरला. निरोप द्यायला प्रत्येकाच्या दारात गेलो, फोन केला नाही. तोंडाला मास्क, अंगणातूनच बोलायचं. एक अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, वारी कधी चुकलेली नाही. म्हणाले, "तू कोण मला थांबवणार?" उत्तर नव्हतं. मी म्हटलं, अण्णा, मी थांबवत नाही, मीही जात नाहीये, मला सोबत हवी. ते दार लावून आत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावच्या देवळाला प्रदक्षिणा घालताना दिसले, खांद्यावर पताका. मीही मागून निघालो, सहा फूट अंतर ठेवून. एकादशीपर्यंत रोज. मध्ये ते ओरडायचे, "लोणंद आलं!" आणि पारावर बसायचे. एकवीसच्या उन्हाळ्यात गेले अण्णा, दुसऱ्या लाटेत. मी त्यांना त्या वर्षी जाऊ दिलं असतं तर, हा विचार अजून येतो. उत्तर अजून नाही.

उशिरा लिहितोय. ट्रकवरचा

नऊ वर्षं दिंडीचा ट्रक चालवतो. दिंडी निघायच्या आधी मी निघतो, तळावर जागा धरतो, फक्की (पांढरी भुकटी) मारून राहुट्यांच्या खुणा करतो. मी एक पाऊल पायी चाललेलो नाही. रिंगण, म्हणजे माउलींचा घोडा वारकऱ्यांच्या मधून धावतो ते, कधी बघितलं नव्हतं. मोबाईलवर तेवढं.

गेल्या वर्षी खुडूस फाट्याला महाराज ट्रकपाशी आले. म्हणाले, जा बघून ये. म्हटलं, गाडीला माणूस पाहिजे, माल उघडा आहे. ते म्हणाले, मी आहे की. आणि बसले पण ड्रायव्हर सीटवर चढून. चाळीस रिंगणं बघितलेला माणूस, तरी चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांना पण जायचंय.

पळत गेलो. घोडा समोरून गेला तेव्हा जमीन पायाखालून हलल्यासारखी झाली. टापांखालची माती लोक कपाळाला लावत होते, मी पण लावली, थोडी रुमालात बांधून घेतली महाराजांसाठी.

आलो तर महाराज मागं कांद्याच्या पोत्यावर डोकं ठेवून गाढ झोपलेले, एक हात पिठाच्या गोणीवर. उठवलं नाही. रुमाल उशाला ठेवला आणि खाली उतरून टायर बघत बसलो.