धडधाकट कुत्र्याला दर रविवारी क्लोरहेक्सिडीनची आंघोळ कशाला?

मानेवाड्याची शेरूआई
पावसाळा लागला की नागपुरातल्या कुत्रेवाल्यांच्या ग्रुपांवर एकच सल्ला फिरायला लागतो: क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा शाम्पू आणा, दर रविवारी चोळा, कातडीची कटकट नको. मला हे पटत नाही. कातडीला काही झालेलं नसताना हे औषध लावूच नये.

कुत्र्याच्या अंगावर स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस हा जिवाणू कायम मुक्कामाला असतो. एरवी गप्प असतो. ॲलर्जी, पिसवा, सतत ओली कातडी असं काही झालं की मग पोटावर पुटकुळ्या आणि कडेने सुटणाऱ्या गोल खपल्या दिसायला लागतात. यातल्या काही जिवाणूंकडे मेक-ए नावाचं जनुक असतं. त्यांच्यावर सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन वगैरे नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत. तेव्हा हाताशी उरतं ते बाहेरून लावायचं अँटिसेप्टिक, आणि तेच आपण हौसेखातर दर रविवारी झिजवतोय. आत शिरलेलं क्लोरहेक्सिडीन बाहेर उपसून टाकणारे पंप काही स्टॅफिलोकोकसमध्ये सापडलेले आहेत.

खामल्याचा पशुवैद्य
ताई, पंप आहेत हे खरं. पण आकडे बघा. प्रयोगशाळेत या जिवाणूची वाढ थांबवायला दर मिलीलिटरला काही मायक्रोग्रॅम क्लोरहेक्सिडीन पुरतं. सहनशील झालेल्याला त्याच्या काही पट लागेल. 2 टक्क्यांच्या शाम्पूत ते असतं 20,000 मायक्रोग्रॅम. याला प्रतिजैविकासारखा ‘रेझिस्टन्स’ म्हणता येत नाही. अँटिसेप्टिकसाठी ‘इथवर लागू, इथून पुढे निकामी’ अशी ठरलेली रेषाच नाही, म्हणून लॅबच्या रिपोर्टातही त्याचा रकाना नसतो.

माझी भीती वेगळी आहे. असं काही वाचलं की लोक शाम्पू सोडतात आणि काउंटरवर येऊन म्हणतात, “डॉक्टर, गोळीच द्या.” वरवरच्या पायोडर्मात, म्हणजे कातडीच्या जिवाणूसंसर्गात, आधी शाम्पू, गरज पडली तरच गोळी, हा क्रम आता जगभर मानला जातो. तो उलटा झाला तर मेक-ए वाले जिवाणू वाढतील ते गोळ्यांनी.

मानेवाड्याची शेरूआई
डॉक्टर, तुमचे 20,000 बाटलीत आहेत, कुत्र्यावर नाहीत. आमच्या गल्लीत आंघोळ कशी होते सांगते. दहा लिटरची बादली, त्यात दोन चमचे शाम्पू, मग मग्याने ओतायचं. दोन चमचे म्हणजे 10 मिली, त्यात औषध 200 मिलिग्रॅम. ते दहा लिटरमध्ये गेलं की दर मिलीलिटरला उरले 20 मायक्रोग्रॅम. तुमच्या आकड्याला हजाराने भागलं गेलं. वर अंगाचं तेल, माती, पू. अशा घाणीत हे औषध आणखी ढिलं पडतं. आणि दहा मिनिटं फेस ठेवायचा असतो तो आम्ही मिनिटभरात धुऊन टाकतो, कारण कुत्रं तोवर अंग झटकून अर्धा फेस भिंतीवर उडवून मोकळं झालेलं असतं.

सहनशील जिवाणू निवडले जातात ते अशाच अर्धवट माऱ्यात.

महालचा बंड्या
बाप्पा, मी त आधी कपड्याच्या साबणानं चोळून काढतो न मंग सॅव्हलॉनचं झाकण बादलीत. आमचा मोती टणटणीत हाय. काऊन उगाच भेव घालून रायले?

खामल्याचा पशुवैद्य
बंड्याभाऊ, कपड्याचा साबण कुत्र्याच्या कातडीला झेपत नाही, तो आधी बंद करा. दुसरं, साबण अंगावर राहिला तर क्लोरहेक्सिडीन मरतं. दोघांचे विद्युतभार उलटे, एकमेकांना धरून बसतात. सॅव्हलॉनमध्ये क्लोरहेक्सिडीनच्या जोडीला सेट्रिमाइड असतं, आणि ताई म्हणतात ते पंप सेट्रिमाइडच्या जातीची रसायनंही बाहेर फेकतात. मोती टणटणीत आहे तो त्याच्या नशिबाने.

ताई, बादलीचा हिशेब बरोबर आहे. पण त्यावरून ठरतं काय? शाम्पू बादलीत घालू नका, ओल्या अंगावर थेट चोळा, घड्याळ लावा. शाम्पू वाईट, हे त्यातून निघत नाही.

धरमपेठकर
एवढ्या भानगडीपेक्षा कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

मानेवाड्याची शेरूआई
@धरमपेठकर, पाला किती, पाणी किती, किती वेळ ठेवायचं? मी बादलीवर जो आक्षेप घेतला तोच इथे दुप्पट लागतो.

@डॉक्टर, मी शाम्पूला वाईट म्हटलंच नाही. पुटकुळ्या आल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा, नीट दहा मिनिटं, कातडी सुधारेपर्यंत वापरा, माझी ना नाही. माझा विरोध निरोगी कुत्र्याच्या रविवारला आहे. कितीतरी ग्रूमिंगवाले ‘मेडिकेटेड बाथ’ म्हणून सगळ्यांना तेच लावतात, पोमेरेनियनला काय आणि लॅब्रॅडॉरला काय. त्यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

खामल्याचा पशुवैद्य
बोलतो. निरोगी कुत्र्याला गरज नाही, साधा कुत्र्यांचा शाम्पू पुरे. पण ज्याला ॲलर्जी आहे आणि दर पावसाळ्यात कातडी चिघळते, त्याला मी आठवड्यातून एकदा देतो आणि देत राहीन. तो दिसायला धडधाकट असतो, निरोगी नसतो. तुमच्या नियमात तो बसत नाही. तुम्ही त्याला वगळलंत तर दोन महिन्यांनी तो माझ्याकडे गोळीसाठी येणार.

मानेवाड्याची शेरूआई
त्याला ॲलर्जी आहे हे तपासून कळलेलं असतं ना? मग तो रुग्णच झाला. ज्यांना कोणी तपासलंच नाही त्यांचं मी म्हणतेय.

महालचा बंड्या
डॉक्टरसाहेब, मोतीच्या जांघेत एक गोल खपली दिसली आज. तपासाले आणू का? आणतानी धुऊन आणू?

खामल्याचा पशुवैद्य
आणा, पण धुऊन नको, सॅव्हलॉन तर अजिबात नको. खपलीच्या कडेवर काचपट्टी दाबून नमुना घ्यायचा आहे, आणि सगळं धुऊन आलं तर त्यात दिसणार काय? येताना पिसवा-गोचिडांचं औषध शेवटचं कधी लावलं होतं ते आठवून या.