सेंट किल्डा: चार तासांत वस्तीचे फोटो कसे काढावेत?

प्रश्न
स्कॉटलंडच्या सेंट किल्डामधल्या हर्टा बेटावर जूनमध्ये दिवसाच्या बोटीने जायचं आहे. किनाऱ्यावर चारेक तास मिळतील. १९३० साली उरलेली ३६ माणसं बेट सोडून गेली. ओसरलेली वस्ती भूदृश्यातून दिसावी, नुसती पडकी घरं नकोत. २४-७० आणि ७०-२०० लेन्स आहेत. ट्रायपॉड न्यावा का?

प्रतिसाद १
घरांच्या रांगेतच सगळा वेळ जातो, हीच नेहमीची चूक. १८६० च्या दशकातल्या त्या १६ घरांची तोंडं साधारण आग्नेयेला. दर्शनी भिंतींवरचं ऊन दुपारनंतर सरकतं, म्हणून ती उतरल्या उतरल्या उरका. मग ऑयसेव्हल आणि कॉनाहर या डोंगरांमधल्या खिंडीकडे चढा. मागे वळलं की घरांची कमान, शेतांभोवतीची दगडी भिंत आणि समुद्राकडे उतरणाऱ्या चिंचोळ्या पट्ट्या एकत्र दिसतात. १९५७ पासूनचा लष्करी तळही येतो. तो मुद्दाम कापू नका, बेटाचं आजचं रूप त्याशिवाय खोटं ठरेल.

प्रतिसाद २
माझ्या मते खरा विषय क्लीट. चुना-माती न लावता रचलेली, वर गवताळ मातीचं छप्पर असलेली ही कोठारं हर्टावर १,२०० च्या वर आहेत. भिंतींच्या फटींतून वारा खेळतो, त्यावर पक्ष्यांचं मांस सुकवून टिकवायचे. एकच जवळून घेतलं तर दगडांचा ढीग वाटतो. १५०-२०० मिमीने उतारावरची दहा-बारा एकावर एक दाबून घ्या, माणसांनी केलेलं काम कळतं. तिरपं ऊन नसेल तर दगड गवतात मिसळतात. ओल्या दगडाची चकाकी पोलरायझर फिल्टरने जाते, पण २४ मिमीवर आकाश कुठे गडद, कुठे फिकट होतं. क्लीटवर चढू नका, दगड हलवू नका.

प्रतिसाद ३
ट्रायपॉड हलका न्या. वाऱ्यात मधला दांडा वर काढू नका. बॅग लटकवलीत तर तिचं बूड जमिनीला टेकू द्या, नाहीतर तीच झुलून फोटो हलतो. बोटीवर ट्रायपॉडचा उपयोग नाही, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात जाते. तिथे हातात धरून १/१००० किंवा वेगवान शटर. फिल्टरवर खारं पाणी वाळलं तर कोरडं पुसू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्याने भिजवलेलं कापड, मग कोरडं. आणि आग्नेयेचा वारा असेल तर गावाच्या उपसागरात उतरताच येत नाही. एक दिवस राखीव ठेवा.

प्रश्नकर्ता
आभार. वस्तीचा एखादा जुना फोटो जिथून काढला होता, नेमकी ती जागा कशी शोधायची?

प्रतिसाद १
फोटोत धुराड्याचं टोक मागच्या डोंगरकड्याला कुठे छेदतं ते पाहा. ते डावी-उजवीकडे सरकून जुळवा, मग दुसरी अशीच जोडी पुढे-मागे होऊन. झूमला हात सगळ्यात शेवटी. झूमने फक्त चौकट बदलते, वस्तूंची एकमेकांवरची जागा नाही.