‘अटोनल’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न – अटोनल म्युझिकला, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या त्या आधारसूर नसलेल्या प्रकाराला, नेमका शब्द काय? ऑफिसातला मित्र सरळ बेसूर म्हणतो, मी विसंवादी म्हणते. आणि खरं सांगा, हे ऐकायला लोकांना आवडतं तरी कसं?

उत्तर – बेसूर नका म्हणू प्लीज. बेसूर म्हणजे सूर जिथे लागायला हवा तिथे लागला नाही, इथे तर प्रत्येक सूर जागच्या जागी असतो, पेटीवरचेच बारा सूर, आणि व्हायोलिनवाला जरा जरी घसरला तरी ते चूकच धरतात. विसंवादी पण अर्धवट, कारण विसंवाद बाखसारख्या जुन्या पाश्चात्त्य संगीतकारातही भरपूर आहे, फक्त तो पुढे सुसंवादात सुटतो. विवादी तर रागातला शब्द, रागाला न चालणारा सूर, राग नाही तर विवादी कुठला.

इथे नसतो तो सा. ज्याच्यावर आलं की हुश्श वाटतं असा एकही सूर नाही, बाराही सारख्याच मानाचे. म्हणून मी बिनषड्जाचं म्हणतो, बोलताना बिनपट्टीचं पण चालेल, कारण ‘पट्टी कुठली?’ याला इथे उत्तरच नसतं. असं संगीत रचणारा ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्ग, त्याला स्वतःला अटोनल हा शब्द नको होता, तो पॅनटोनल म्हणायचा, म्हणजे सगळ्या सुरांना धरून असलेलं.

आता आवडण्याचं. मुंबईत मैफिली ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे जड जातं, साहजिक आहे, आपण तानपुरा सुरू झाल्यापासून सा धरूनच बसतो. पण हे फक्त आपलं नाही. १९८४ साली कॅस्टेलानो, भरुचा आणि क्रुमहॅन्सल या संशोधकांनी दहा राग घेऊन प्रयोग केला, रागातलं थोडं ऐकवायचं, मग एक सूर वाजवायचा, आणि विचारायचं की हा इथे किती बसतो. भारतीय आणि पाश्चात्त्य दोघांनीही सगळ्यात वर ठेवले सा आणि पंचम. म्हणजे कान कुठलाही असो, तो आधार शोधतोच, आणि अटोनलमध्ये नेमका तोच हाताला लागत नाही म्हणून आपण वैतागतो.

माझं म्हणणं, सा शोधणं सोडा आणि आवाजाचा रंग ऐका. कुठलं वाद्य, किती वर, किती खाली, किती गर्दी, शांतता कुठे. शोनबर्गचा शिष्य वेबर्न, त्याचे ऑर्केस्ट्रासाठीचे पाच तुकडे, ओपस १० (म्हणजे रचना क्रमांक १०), काही तर मिनिटभराचेही नाहीत, त्यात मेंडोलिन, गिटार, आणि चक्क हार्मोनियम पण आहे! एकच धून या वाद्यावरून त्या वाद्यावर जाते आणि मजा त्या रंग बदलण्यात आहे. लगेच परत ऐका, दुसऱ्यांदा कान आधीच पुढे जाऊन थांबलेला असतो.

थेट वेबर्न नको वाटला तर शोनबर्गचाच दुसरा शिष्य बर्ग, त्याचा १९३५ चा व्हायोलिन कॉन्चेर्टो (व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्राची रचना) घ्या. त्याची बारा सुरांची ओळच, म्हणजे बाराही सूर एकेकदा येतील असा आधी ठरवलेला क्रम, अशी आहे की व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारा तिच्यात येतात, मेजर-मायनर कॉर्डस् पण सापडतात, त्यामुळे ओळखीचं काहीतरी दिसतं आणि निसटतं. मला तर हे निसटणंच फार आवडतं.

प्रश्न – खाली तानपुऱ्याचं ॲप लावून ऐकलं तर सोपं जाईल का?

उत्तर – नको! तानपुरा लागला की सा आलाच, मग कान लगेच हा कोमल रे, हा तीव्र म असं मोजत बसणार आणि बारा सुरांची बरोबरी तिथेच संपली. नुसतंच ऐका, हेडफोन लावून, आणि लोकलमध्ये नको, वेबर्नचे अगदी हळू आवाजातले सूर त्या खडखडाटात कळणारच नाहीत.