वेबसाइटवर आपली नोंद कोण ठेवतं? मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी अनुभव धागा

प्रवेशाचे दिवस आले की दिसेल त्या फॉर्मवर नाव, मोबाइल नंबर आणि मार्क भरले जातात. पुढे वर्षभर कॉलेजचं वायफाय, झेरॉक्सचं दुकान आणि फेस्टिव्हलची वेबसाइट असतेच. ज्यांचं रोजचं काम या गोष्टींशी येतं, त्यांनी नेमकं लिहावं: काय नोंदलं जातं, कुठे साठतं, आणि थांबवायचं तर काय करायचं. नुसतं 'काळजी घ्या' लिहून कुणाचं काही होत नाही.

स्विचरूम (कॉलेजचं नेटवर्क)

सगळ्यात मोठा गैरसमज इन्कॉग्निटोचा, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीचा. ती खिडकी बंद केली की त्या मशीनवरची हिस्टरी आणि कुकीज (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या खुणा) पुसल्या जातात, एवढंच तिचं काम. वायफाय चालवणाऱ्याला जे दिसायचं ते दिसतंच.

एचटीटीपीएस (मजकूर सांकेतिक करून पाठवणारी जोडणी) असलेल्या साइटचं फक्त नाव आम्हाला दिसतं. आतलं पान, शोधलेले शब्द, पासवर्ड दिसत नाहीत. नाव दोन वाटांनी कळतं: एक डीएनएसची विचारणा (साइटच्या नावावरून तिचा नेटवरचा पत्ता शोधणं), दुसरं म्हणजे कनेक्शन जुळताना ब्राउझर उघडपणे पाठवतो ते नाव. अँड्रॉइडवर 'प्रायव्हेट डीएनएस' लावलं तर पहिली वाट बंद होते, दुसरी बऱ्याच साइटांच्या बाबतीत उघडीच राहते. आणि तिथे ठरावीक सर्व्हरचं नाव भरून ठेवलं असेल तर वायफायच्या लॉगिनचं पान बऱ्याचदा उघडतच नाही. मग 'नेट बंद आहे' अशा तक्रारी येतात. लॉगिन होईपर्यंत ते 'ऑटोमॅटिक'वर ठेवायचं, नंतर पुन्हा लावायचं.

अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक पत्ता (नेटवर्कवर फोन ओळखायचा क्रमांक) दाखवू शकतो. चांगली सोय आहे, पण रोल नंबरने लॉगिन केलंत की तिचा उपयोग संपला. स्टेशनवरच्या मोफत वायफायचंही तेच. ते जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं, आणि तिथे आत शिरायला मोबाइल नंबर आणि ओटीपी लागतो.

एका बाबतीत मात्र ठाम राहा. वायफायसाठी कुणी फोनमध्ये 'सर्टिफिकेट' इन्स्टॉल करायला सांगितलं तर ते कशासाठी, हे लेखी विचारा. मूळ सर्टिफिकेट (कुठल्या साइट खऱ्या मानायच्या हे फोनला सांगणारी फाइल) विश्वासू म्हणून बसलं की एचटीटीपीएसच्या आतलं वाचण्याचीही सोय होऊ शकते. कॉलेजच्या मशीनवर ते असेल तर असू दे, स्वतःच्या फोनवर नको.

झेरॉक्स, माटुंगा

आमच्याकडे राहून जातात त्या तीन गोष्टी: व्हॉट्सअ‍ॅप वेब, जीमेल आणि डाउनलोड झालेली फाइल.

पोरं घाईत असतात. प्रिंट हातात पडली की लेक्चरला पळतात आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालूच राहतं. निघण्याआधी आपल्याच फोनवर 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून ते मशीन लॉग आउट करा. जीमेल राहिलं असेल तर घरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे 'डिटेल्स' आहे, तिथून बाकीची सगळी सेशन्स एकदम बंद करता येतात.

फाइल डाउनलोड फोल्डरमधून उडवली तरी रीसायकल बिनमध्ये पडून असते. शिफ्ट दाबून डिलीट करायला सांगा. सांगायला लाजू नका, आम्हालाही दुसऱ्याची कागदपत्रं ठेवायची हौस नसते. आणि फक्त ओळख पटवायची असेल तिथे मास्क्ड आधार काढा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि पुढे जन्मवर्ष. हा पासवर्ड कुणालाही ओळखता येण्यासारखा आहे, त्यामुळे 'पासवर्ड आहे ना' म्हणून ती फाइल ग्रुपवर टाकू नका.

पिक्सेल (जाहिरातींचं काम, लोअर परळ)

कुकीजवर सगळे बोलतात. माझं मत वेगळं आहे: विद्यार्थ्याच्या बाबतीत खरा धागा मोबाइल नंबर आहे. कुकी पुसता येते, ब्राउझर बदलता येतो, पण नंबर दहावीपासून नोकरीपर्यंत तोच राहतो.

हे चालतं असं. क्लासच्या 'मोफत समुपदेशन'च्या फॉर्ममध्ये नंबर भरला. त्या यादीतल्या प्रत्येक नंबराचा एसएचए-२५६ हॅश (ठरलेल्या गणिताने बनणारा सांकेतिक ठसा; त्याच नंबराचा नेहमी तोच येतो) काढून ती जाहिरातीच्या प्लॅटफॉर्मवर चढवली जाते. प्लॅटफॉर्मकडे तुमचा तोच नंबर अकाउंट उघडताना दिलेला असतोच, त्याचाही हॅश तोच येतो. दोन्ही जुळले की जाहिरात थेट तुमच्यासमोर. 'आम्ही नंबर देत नाही, हॅश देतो' या वाक्याने निर्धास्त होऊ नका. दहा आकडी नंबर फार तर एक हजार कोटी होऊ शकतात. साधा कॉम्प्युटरसुद्धा त्या सगळ्यांचे हॅश काढून ठेवू शकतो, मग उलट शोध घेणं सोपं.

उपाय तीन. जिथे नंबर सक्तीचा नाही तिथे देऊ नका, चांदणीची खूण आहे का ते आधी बघा. ईमेल देताना नावापुढे अधिकचं चिन्ह आणि क्लासचं नाव जोडा. जीमेलवर ते पत्र तुमच्याच पेटीत येतं आणि पत्ता कुठून फुटला ते कळतं. काही फॉर्म हे चिन्ह नाकारतात, काही ते गुपचूप काढून टाकतात, म्हणून याला कुलूप समजू नका. तिसरं, फोनवरच्या गुगलच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅड्स' उघडून अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा. आयफोनवर 'ट्रॅकिंग' या सेटिंगमधली परवानगी मागण्याची सोयच बंद करा. आयओएस १४.५ पासून अ‍ॅपला ही परवानगी विचारावी लागते.

पत्रांमध्येही मोजणी असते. एक बाय एक पिक्सेलचं अदृश्य चित्र, प्रत्येकासाठी वेगळ्या पत्त्याचं. ते लोड झालं की पत्र उघडल्याची नोंद झाली. जीमेल २०१३पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे आयपी पत्ता (तुमच्या जोडणीचा नेटवरचा क्रमांक) लपतो, पण पत्र उघडल्याचं कळतंच. सेटिंग्जमध्ये 'इमेजेस'खाली 'विचारून दाखवा' हा पर्याय निवडला की तेही थांबतं.

फेस्ट-वेब

आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूने. कॉलेज फेस्टिव्हलची साइट बनवणारी मुलं नकळत आपल्याच वर्गमित्रांची माहिती बाहेर पाठवतात. प्रायोजक एकच प्रश्न विचारतो, 'किती जणांनी पाहिलं?' तेवढ्या एका आकड्यासाठी गुगल अ‍ॅनालिटिक्स, फेसबुकचा पिक्सेल (भेटींची नोंद फेसबुककडे पाठवणारा कोड) आणि यूट्यूबचा व्हिडिओ असं सगळं पानावर चढतं.

आधी तपासा काय चढलंय ते. फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये एफ-१२ दाबा, 'नेटवर्क' टॅब उघडा, पान रीलोड करा आणि 'डोमेन'चा रकाना वाचा (क्रोममध्ये तो रकान्यांच्या मथळ्यावर राइट-क्लिक करून आधी चालू करावा लागतो). स्वतःच्या डोमेनशिवाय जी नावं दिसतील, त्या प्रत्येकाकडे पाहुण्याचा आयपी पत्ता, ब्राउझरची ओळख आणि बहुतेकदा तो कुठल्या साइटवर आहे हे गेलं.

बरंचसं तासाभरात काढता येतं. फॉन्ट गुगलच्या सर्व्हरवरून आणू नका, वॉफ-२ फाइल (वेबसाठीच्या फॉन्टचा प्रकार) उतरवून आपल्या सर्व्हरवर ठेवा. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, त्यामुळे हे राजरोस करता येतं. जानेवारी २०२२मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने नेमक्या याच कारणासाठी, म्हणजे फॉन्टमुळे पाहुण्याचा आयपी पत्ता गुगलकडे गेला म्हणून, एका साइटच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. व्हिडिओसाठी यूट्यूबचा 'नोकुकी' पत्ता वापरा. त्याहून चांगलं म्हणजे नुसतं चित्र ठेवायचं आणि क्लिक केल्यावरच प्लेअर आणायचा.

मोजणी कुकीशिवाय होते. आयपी पत्ता, ब्राउझरची ओळख आणि रोज बदलणारा एक गुप्त शब्द, असं एकत्र करून त्याचा हॅश काढायचा. एका दिवसात तो हॅश पुन्हा दिसला तर पाहुणा तोच. मध्यरात्री गुप्त शब्द फेकून द्यायचा, म्हणजे कालचा आणि आजचा माणूस जोडता येत नाही. प्लॉझिबल हे साधन असंच चालतं.

चुकतं कुठे तेही सांगते. कॉलेजचं अख्खं वायफाय बाहेरून एकाच आयपी पत्त्याचं दिसतं. एकाच मॉडेलचे फोन घेतलेली पाच मुलं मग एकच पाहुणा म्हणून मोजली जातात. उलट, लोकलमध्ये मोबाइल डेटावरून वायफायवर गेलेला एकटा मुलगा दोनदा मोजला जातो. प्रायोजकाला आकडा देताना हे सांगा. अंदाजी आकडा प्रामाणिकपणे देता येतो, त्यासाठी कुणाची ओळख ठेवायची गरज नाही.

बांद्रा-ईस्ट

लिंक पाठवताना प्रश्नचिन्हापासून पुढचं बघून घ्या. इन्स्टाच्या लिंकमध्ये 'आयजीएसएच' (igsh), यूट्यूबच्या लिंकमध्ये 'एसआय' (si) दिसलं तर तेवढं खोडा. कुणी कुणाला पाठवलं हे त्यातून जोडता येतं. सरसकट सगळं खोडू नका, यूट्यूबच्या लांब लिंकमध्ये 'व्ही'पुढे (v=) व्हिडिओचीच ओळख असते.

कायदा-तिसरं वर्ष, चर्चगेट

पिक्सेल यांच्या क्लासवाल्या मुद्द्याला जोडून. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती 'बालक' आहे. म्हणजे अकरावी-बारावीची बहुतेक मुलं त्यात आली. कलम ९ नुसार त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि त्यांचा माग काढणं किंवा त्यांना हेरून जाहिरात दाखवणं याला मनाई आहे. दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, पण हे कलम त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतं. शिक्षणासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शाळा-कॉलेजांना मर्यादित सूट आहे. जाहिरातीसाठी ती नाही.

स्विचरूम

@फेस्ट-वेब, मोजणीत एक भर. मोबाइल डेटावर आता आयपीव्ही-६ (लांब आयपी पत्त्यांची नवी पद्धत) सर्रास असतं. त्यात फोनला स्वतःचा पत्ता मिळतो आणि त्याचा मागचा अर्धा भाग फोन अधूनमधून बदलतो. अख्खा पत्ता हॅशमध्ये घेतला तर एकच फोन दिवसात अनेक पाहुण्यांसारखा दिसेल. पहिले ६४ बिट, म्हणजे पुढचा अर्धा भाग घ्या, बाकीचे सोडून द्या.