अनुभव धागा : समुद्राकाठच्या वस्तीतली बातमी तुम्हाला कुणी सांगितली?

मुंबईच्या किनाऱ्यालगत राहिलेल्या सर्वांना हे आवाहन आहे. जी बातमी ऐकून तुमची आळी दाराबाहेर आली, ती तुमच्यापर्यंत कशी पोहोचली ते लिहावे. नळाला पाणी येणार नाही, एवढीशी बातमीही चालेल. व्यक्तींची नावे मात्र टाळावीत.

गिरगाव : आमच्या चाळीच्या जिन्याखाली फळा होता आणि त्यावर खडूने लिहिण्याचा अधिकार फक्त चिटणीसांना होता. पाण्याची वेळ, सत्यनारायणाचे आमंत्रण, दहावीचे निकाल असे सारे त्यावर दाटीवाटीने नांदत असे. निधनाची बातमी लिहिताना मात्र ते बाकीचा मजकूर ओल्या फडक्याने पुसून टाकत, त्यामुळे सकाळी जिना उतरताना फळा रिकामा दिसला की अक्षरे वाचण्याआधीच पोटात गोळा येई. २०१३ मध्ये दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला चौपाटीवर पाकट माशांनी अनेकांना दंश केला, तेव्हा पुढच्या विसर्जनाआधी फळ्यावर ‘पाण्यात बूट घालूनच उतरावे’ अशी सूचना झळकली. ‘बूट’ हा शब्द दोनदा अधोरेखित केलेला होता. (आजोबा तरीही अनवाणीच गेले.)

वरळी कोळीवाडा : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात आणि माणसे घरी असतात, म्हणून आमच्याकडे बातम्यांचा खरा हंगाम तोच. एरवी सासूबाई बाजारातून रिकामी पाटी घेऊन परतल्या की चार वस्त्यांची खबर उंबरठ्यावरच मिळे. आमच्या होड्या ज्यांमधून समुद्रात जाणार त्या किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधले अंतर ६० मीटरऐवजी १२० मीटर होणार असल्याचे कळले, तेव्हा कोळ्यांची मागणी त्याहून मोठ्या अंतराची असल्यामुळे कुणी पेढे वाटले नाहीत. सासऱ्यांनी १२० मीटर म्हणजे किती, हे गल्लीत पावले टाकून मोजले आणि भरतीच्या वाऱ्यात होडी किती सरकते याचा हिशेब मांडत ते रात्रभर जागे राहिले.

माहीम : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा आम्हाला नंतर समजला. त्या रात्री वीज आणि दूरध्वनी दोन्ही बंद असताना आमचे वार्ताहर होते ते पायी घरी निघालेले लोक. गॅलरीतून विचारले की ते न थांबता मान वर करून ‘पुढे कमरेएवढं आहे’ असे सांगत. बाबा कचेरीतच सुखरूप थांबले आहेत, हा निरोप आम्ही कधीही न पाहिलेल्या त्यांच्या एका सहकाऱ्याने पहाटे तीनच्या सुमारास जिन्यातून हाका मारत आणला.

वर्सोवा : २०१८ च्या मार्चमध्ये किनाऱ्यावर कासवांची पिल्ले निघाल्याचे आमच्या रखवालदाराने सकाळीच दार वाजवून सांगितले. अफवा समजून मी पुन्हा झोपलो. दुपारी गेलो, तेव्हा भरतीने वाळू पुसून काढली होती.